पालीच्या मुठीचा मालक

काजळमावशीच्या हातात कुणी वस्तरा दिला, की ती आधी वस्तरा बघत नसे, देणाऱ्याची नखं बघे. मग कॉलर, मग चपला, आणि सगळ्यात शेवटी, अगदी नाइलाज झाल्यासारखा, वस्तरा. "कुणाचा?" हा पहिला प्रश्न. "माझाच की, मावशी," असं कुणी म्हटलं, की दुसरा तयारच, "कधीपासून?"

सलूनवाले आपसांत तिची नक्कल करायचे. एक जण मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून आरशापुढे उभा राही आणि स्वतःच्याच प्रतिबिंबाला दटावून विचारी, "कुणाचं रे हे तोंड? कधीपासून वापरतोस?" बाकीचे फेसाचे ब्रश हातात धरून खिदळत. पण मूठ तुटली किंवा नवी करायची झाली, की हेच सगळे आपापले वस्तरे रुमालात गुंडाळून तिच्याच ओट्यावर येऊन बसत, आणि मुकाट्याने नखं दाखवत.

तिचं काम मुठीचं. पात्याशी तिला देणंघेणं नव्हतं, ते धारवाल्याचं खातं. ती शिंगाच्या किंवा हाडाच्या दोन चपट्या पट्ट्या घासून गुळगुळीत करी, त्यांवर सुईच्या टोचणीने चित्र कोरी, मग दिव्याची काजळी तेलात कालवून त्या चऱ्यांमध्ये बोटाने दाबी आणि वरची पुसून टाकी. पांढऱ्यावर काळी नक्षी उठे. कुठे कुठे पितळी तारेचे बारीक ठिपके ठोके. उजव्या अंगठ्याची काळी कड कुठल्याही साबणाने जात नसे, म्हणून ती काजळमावशी.

नक्षी कशासाठी, तर शोभेसाठी, असं गिऱ्हाइकांना वाटे. न्हाव्यांना खरं ठाऊक होतं. दाढी करताना त्यांची नजर समोरच्याच्या गळ्यावर. हात मागे डब्यात जातो, तिथे चार जणांचे वस्तरे एकत्र. त्यात आपला कुठला हे अंगठ्याने चाचपून ओळखायचं. म्हणून एकाच्या मुठीवर मोर, एकाच्या मुठीवर होडी, एकाच्या मुठीवर चक्क टोमॅटो. डोळ्याला आवडलं तर ठीक, अंगठ्याला मात्र कळलंच पाहिजे.

आता तिचा संशयी स्वभाव. तो काही तिने हौसेने पाळला नव्हता, सासरकडून आला होता. हे काम तिला शिकवलं सासऱ्यांनी. त्यांच्याकडे एकदा एका गोड बोलणाऱ्या माणसाने वस्तरा आणला, जुनी नक्षी घासून नवी काढून घेतली आणि गेला. वस्तरा चोरीचा होता. ज्याचा गेला त्याने पुढे पातं ओळखलं, आणि बोभाटा झाला, की चोराने नुसतं उचललं, खूण पुसली ती म्हाताऱ्याने. त्यानंतर सासऱ्यांच्या ओट्यावर वस्तरा येईनासा झाला. उरलेली वर्षं त्यांनी फण्या आणि छत्र्यांचे दांडे कोरले. पातं विश्वासाने टाकून जाणारी माणसं एकदा बिचकली, की परत येत नाहीत. काजळमावशीने ती कशीबशी परत आणली होती. तेव्हापासून घरचा नियम एकच. मालक कळल्याशिवाय जुनी नक्षी घासायची नाही.

आणि नेमकं तेच करून मागायला एक जण आला.

तरणाताठा होता. नखं स्वच्छ, कॉलर स्वच्छ, चपला नव्या. म्हणजे पहिलाच संशय. डाव्या कानाला चिकटपट्टी. म्हणजे दुसरा. बोलायचं वाक्य अर्ध्यात सोडून रस्त्याकडे बघायचं, ही त्याची खोड. तिसरा.

"हे... म्हणजे वरचं जे आहे ना... ते सगळं काढायचं. आणि मग दुसरं काहीतरी..."

"दुसरं म्हणजे?"

"काहीही."

"काहीही कसं काढतात, बाळा? पाय किती असतात त्याला?"

तो हसला नाही. "हाताला वेगळं लागलं म्हणजे झालं," एवढंच बोलला, आणि पुन्हा रस्त्याकडे बघितलं.

"कुणाचा आहे?"

"आमचाच. म्हणजे घरचा... मी येतो परवा-तेरवा," असं म्हणत तो पायरी उतरलासुद्धा. नाव नाही, पत्ता नाही.

मावशीने मूठ उजेडात धरली आणि तिच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. मुठीवर पाल होती. लांबलचक, पाठीवर पितळी ठिपके, शेपटीने खालच्या खिळ्याला वेटोळं घातलेलं. पालीची ती फुगीर बोटं कुणाच्या हातची, हे तिला विचारावं लागलं नाही. "ही बोटं मामंजींचीच," ती पुटपुटली.

आतून नणंद आली. ही धाकटी, नवरा गेल्यापासून इथेच. तिची कुजबूज अशी, की समोरच्या इस्त्रीवाल्याने मान वर करावी. "वहिनी, खून!"

"काय?"

"कानाला पट्टी बघितलीत? झटापट झाली असणार. मालकाने कान धरला असेल, याने हिसका दिला. वस्तरा याच्याकडे. मालक कुठे? बोला ना, मालक कुठे?"

"वन्सं, आधी भाजी बघा, करपतेय."

"करपू दे. माणूस मेलाय."

माणूस मेल्याचं मावशीला पटलं नाही, पण चोरी तिच्या मनात घट्ट बसली. काही झालं तरी घासायचं नाही. उद्या मालक उभा राहिला, तर म्हणणार, 'सासऱ्याचीच सून.' पण परत तरी कुणाला करायचा? चोरालाच परत दिला, तर तो दुसऱ्या कुणाकडे जाऊन पाल खरवडेल.

दुसऱ्या दिवशी धारवाल्याची सायकल गल्लीत आली. ती सायकल स्टँडवर चढवून तो पायडल मारी, आणि पुढचा दगड गरगर फिरे. गावातली पाती तो माणसांसारखी ओळखायचा, निदान तसं सांगायचा, आणि दर वाक्याला शपथ घ्यायचा. त्याने पात्यावर नख मारलं. टिंग. कानाजवळ नेऊन पुन्हा. टिंग.

"चढावरच्या म्हाताऱ्या न्हाव्याचं पातं. खोटं बोलत असेन तर माझं चाक मोडो."

"नक्की?"

"अहो, कधीमधी द्यायचा दगडावर धरायला, तोसुद्धा माझ्या डोक्यावर उभा राहून. 'हळू. हळू रे. लोखंड आहे, काकडी नाही.'" म्हाताऱ्याचा घोगरा आवाज त्याने हुबेहूब काढला. "हल्ली चढावर सायकल ढकलवत नाही, म्हणून गेलो नाही. पण एरवी तो या वस्तऱ्याला कुणाला हात लावू द्यायचा नाही. तुमच्याकडे कसा आला?" आणि मग त्याचाही डोळा बारीक झाला. "अं? कसा आला, बाई?"

"आला," मावशी म्हणाली आणि वस्तरा पदराखाली घेतला.

त्याच दुपारी ती चढावर निघाली. वस्तरा पिशवीत, पिशवीवर हात, मागे नणंद. वाटभर नणंद सूचना देत होती. "आधी मी आत जाते. तुम्ही मागच्या दाराशी थांबा. पळाला तर पाय घाला."

सलून म्हणजे चढाच्या वळणावरची एक खोली. वर राहायचं घर, आतूनच जिना. दाराबाहेरच आरडाओरडा ऐकू आला.

"चोर आहेत घरात! सांगून ठेवतो, चोर आहेत!"

खोलीत एकच खुर्ची. खुर्चीत अंगाभोवती कापड, गालाला फेस लावून कुणी बसलेलं. मागे म्हातारा. डोळ्यांवर सायीसारखा पडदा, हात वाऱ्यावरच्या पानासारखे. तो डब्यातले वस्तरे एकेक उचली, अंगठा फिरवी, आणि परत आपटी. "हा नाही. हा नाही. हाही नाही. माझी पाल कुठाय?"

खुर्चीतल्या फेसवाल्याने आरशात मावशीला पाहिलं आणि त्याचा चेहरा फेसापेक्षा पांढरा झाला. कानाला चिकटपट्टी होती.

मावशीने भाषण पाठ करून आणलं होतं. 'घ्या तुमची वस्तू, आणि ओळखा चोराला' असं काहीसं. चोर समोरच बसला होता, तोही मालकाच्याच खुर्चीत, मालकाकडूनच दाढी करून घ्यायला. तिने तोंड उघडायच्या आत तो उठला आणि म्हणाला, "बाबा, कुणी आलंय."

बाबा! मागे नणंदेने "मुलगाच!" अशी कुजबूज केली, ती वरच्या मजल्यावर गेली असेल.

"कोण आलंय?" म्हाताऱ्याने मान वळवली.

"मी मुठी करते, बाबा. खालच्या गल्लीतली."

"हां. त्या पालवाल्याची सून." म्हातारा जवळ आला, आणि न दिसणारे डोळे तिच्या तोंडावर रोखून म्हणाला, "तुझ्या सासऱ्याने एकदा चोरीच्या मालाची खूण पुसली होती. तू नाहीस ना तशातली?"

पिशवीवरचा मावशीचा हात आवळला. मुलगा बापाच्या पाठीमागे उभा होता. त्याने हात जोडले नाहीत, खूण केली नाही. फक्त मान हलवली, नको, अशी.

"नाही, बाबा."

"मग ऐक. माझा वस्तरा गेलाय. मूठ बदलायला चोर तुझ्याकडेच येणार, दुसरीकडे कुठे जाईल? आला तर काय करशील?"

"तुमच्याच हातात आणून देईन," ती म्हणाली. आणि हे म्हणताना वस्तरा तिच्या पिशवीत, म्हाताऱ्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता.

बाहेर पायरीवर मुलगा बोलला. आता त्याची वाक्यं पुरी होत होती. तो दुसऱ्या गावी काम करायचा, बापाची नजर गेली म्हणून परत आला. नजर गेली, हात थरथरायला लागले, पण सवय गेली नाही. गिऱ्हाईक बसलं, की बाबा जिना उतरून येत, डब्यात हात घालत, अंगठ्याला पाल लागली की झालं. मग कुणाच्या बापाला ऐकत नसत. एका गिऱ्हाइकाची हनुवटी कापली. तेव्हापासून सकाळी मुलगा स्वतःच खुर्चीत बसतो. "त्यांची हौस भागते. दुसऱ्याचा गळा जाण्यापेक्षा..." आणि त्याने कानाला हात लावला. वस्तरा कुलपात ठेवून पाहिला. बाबांनी कुलूप तोडलं आणि सुनेवर, म्हणजे त्याच्या बायकोवर, आळ घेतला. टाकून देववत नाही. असं पातं दुसरं नाही, दुकान त्याच्यावर चालतं. "पाल गेली, की त्यांना ओळखू येणार नाही. म्हणून म्हटलं..."

"म्हणजे चोरीच केलीस की तू," मावशी म्हणाली.

"हो."

"आणि खूण पुसायला मला दिलीस."

"हो."

तो इतक्या सरळपणे 'हो' म्हणाला, की तिला रागच धरता येईना. संशय खरा निघाल्यावर माणसाला जे समाधान मिळतं, तेही तिला मिळालं नाही. घासावी, तर ती खरोखर सासऱ्यांच्या रांगेत बसणार होती; आंधळ्या माणसाची वस्तू, त्याच्याच अंगठ्यापासून चोरून. न घासावी, तर उद्या कुणाचा तरी गळा.

उताराच्या तळाशी आल्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, खून नाही झाला. होणार आहे."

त्यावर मावशी रस्त्यातच थांबली. "वन्सं," ती म्हणाली, "मूठ म्हणजे काय हो? खिळ्यांनीच अडकवलेली असते ना पात्याला?"

घरी येऊन तिने पालीचे खिळे काढले, पातं वेगळं केलं. त्या पात्याला शिंगाची नवी मूठ. मुलाने 'काहीही' सांगितलं होतं, आणि नणंदेने डास सुचवला होता. मावशीने सरळ पाच आडवे चरे ओढले, कुणालाही कळावेत असे. मग भंगाराच्या डब्यातून तेवढ्याच लांबीरुंदीचं एक पातं शोधलं आणि ओट्याच्या दगडावर धार मारत बसली. लावत नाही, मारत. कड उलटी घासून घासून अशी बोथट केली, की नणंदेने त्या पात्याने लोणी कापायचा प्रयत्न केला आणि लोणीच दबलं. ते पातं तिने पालीत बसवलं.

आणि इथे तिच्या हाताने घात केला. बिघडलेली, मळलेली मूठ ती जन्मात कधी ओट्यावरून जाऊ देत नसे. पालीच्या बोटांमधला वर्षानुवर्षांचा साबण तिने सुईने टोकरून काढला, काजळी नव्याने भरली आणि खिळा ठोकून घट्ट केला. इतका सुरेख, की वस्तरा उघडताना आवाजसुद्धा होईना.

चढावर तिने नव्या मुठीचा वस्तरा मुलाला हळूच दिला आणि पालीचा म्हाताऱ्यापुढे धरला. म्हाताऱ्याने तो हातात घेतला. अंगठा फिरवला. डोकं, पाठ, ठिपके, शेपटी. चेहरा उजळला. मग त्याने उघडला, मिटला, उघडला, आणि चेहरा मावळला.

"हा माझा नव्हे."

मुलगा आरशाकडे बघायला लागला. मावशी पुढे झाली.

"पाल तीच आहे, बाबा."

"पाल तीच. पण माझा वस्तरा उघडताना 'कट' म्हणतो. हा मुका आहे. तू काय केलंस याला?"

एवढ्या वर्षांत मावशीने लोकांना प्रश्न विचारले होते. तिला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कॉलर सारखी करावी तसा तिने पदर सारखा केला. "खिळा घट्ट केला."

"कोणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग?"

"ढिला होता. मला ढिलं बघवत नाही."

"तुला कोण बघायला सांगतंय! बस इथे. माझ्यासमोर ढिला कर. हात पुढे ठेव. मला लागले पाहिजेत हात, काय करतेस ते."

ती पायरीशी बसली. म्हातारा तिच्या मनगटांवर आपली बोटं ठेवून उकिडवा बसला, आणि तिने चिमट्याने खिळा हलवला. उघड. नाही. अजून. नाही. जास्त केलास, थोडा मार. ती घामाघूम झाली. सासऱ्यांनीसुद्धा तिच्याकडून असं काम करून घेतलं नव्हतं. शेवटी 'कट' झालं.

"हां," म्हातारा म्हणाला. मग पात्यावर अंगठा फिरवला. "धार गेली! चोराने याने पेन्सिली तासल्या वाटतं." आणि भिंतीवरचा चामड्याचा पट्टा ओढून त्यावर वस्तरा फटाफट मारायला लागला. वर-खाली, वर-खाली. मुलगा खुर्चीत येऊन बसला, तरी म्हातारा थांबला नाही. "थांब रे. धार नाही आली अजून. माझ्या हातून धारेशिवाय कुणाच्या तोंडाला वस्तरा लागलेला नाही. उद्या बस."

उद्याचाही उद्या झाला. मुलाच्या कानाची पट्टी निघाली. म्हातारा पट्ट्याशी उभा राही, मुलगा आडव्या चऱ्यांच्या वस्तऱ्याने शेजारी गिऱ्हाइकं करी. आणि म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "वस्तरा त्या पालवाल्याच्या सुनेने शोधून आणून दिला. माझ्या हातात. मूठ मी तपासून घेतलीय. पण धार! धारवाला कामाचा राहिला नाही, त्याने कधीतरी दगडावर फार दाबून पातं जाळलं असणार."

हे खालच्या गल्लीत पोचायला कितीसा वेळ? धारवाला सायकल घेऊन ओट्यापुढे उभा राहिला. त्याने आधी ओट्यावरचा दगड बघितला, मग दगडावरची काळी भुकटी, आणि मग मावशीची नखं.

"बाई, धार लावायला लागलात?"

"नाही."

"मग हे लोखंड कसलं? चढावरचा म्हातारा माझ्या नावाने खडे फोडतोय, आणि इकडे तुमच्या दगडावर भुकटी. मी काय दूधखुळा आहे? माझं गिऱ्हाईक फोडताय. खोटं बोलत असेन तर—"

"धार लावत नव्हते. काढत होते."

धारवाला मोठ्याने हसला. "धार काढत होत्या! मुद्दाम! मुठी घासता घासता डोकंही घासलंत का?"

स्वतःचं नाव राखायला तिने याचं नाव बुडवलं होतं, हे तिला आता कळलं. नुसतं सांगून त्याला पटलं नसतं. तिने ओटा आवरला, चप्पल घातली. "सायकल घ्या."

"कुठे?"

"चढावर. ढकलू लागते मी मागून. वन्सं, चला."

म्हाताऱ्याने धारवाल्याला आवाजावरून ओळखलं आणि शिव्यांनी स्वागत केलं. मग पालीचा वस्तरा त्याच्या हातात खुपसला. "लाव. इथे. माझ्यासमोर. हळू."

धारवाल्याने नख मारलं. ठप्. त्याने पुन्हा मारलं. ठप्. मग त्याने मावशीकडे पाहिलं, खुर्चीत फेस लावून बसलेल्या मुलाकडे पाहिलं, म्हाताऱ्याच्या थरथरत्या हातांकडे पाहिलं. पलीकडे पाच चऱ्यांच्या मुठीतलं चकचकीत पातं होतं. ते त्याने नख न मारताच ओळखलं. या वेळी त्याने शपथसुद्धा घेतली नाही.

मग सायकल स्टँडवर चढवली आणि पायडल मारलं. दगड गरगरला, ठिणग्या उडाल्या. पात्याची पाठ, फक्त पाठ, दगडाला लागत होती.

"हळू रे," म्हातारा म्हणाला. "लोखंड आहे."

"काकडी नाही," धारवाला म्हणाला.

म्हाताऱ्याने वस्तरा परत घेतला, अंगठा फिरवला, आणि मान तिरकी करून विचार केला. "सुधारतोयस. पण नाही आली अजून. पुढच्या आठवड्यात ये परत."

"येतो," धारवाला म्हणाला, आणि सायकल उतरवता उतरवता मावशीच्या कानाशी लागला. "बाई, हे गल्लीत कुणाला कळलं ना, मी लोखंडाची पाठ घासतो म्हणून, तर माझं नाव गेलं. तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

मावशीने एक डोळा बारीक केला. तिच्यामागे नणंद उभी होती, आणि तिने कुजबुजायला तोंड उघडलंच होतं. मावशीने मागे न बघता तिच्या तोंडावर हात ठेवला.